नारायणन यांचें चरित्र आणि आमचीं मुलें

(शाळेच्या पालकसभेंत केलेलें भाषण)



आज २७ ऑक्टोबर. कामधंदा टाकून तुम्ही इतके लोक सभेस आलां हें पाहून आम्हांस आनंद झाला. पण खोटें कशास बोलावें, थोडी धास्तीही वाटली. आतां थोड्याच दिवसांत मुकादमाच्या गाड्या गांवांत येतील, उचल घेतलेलीं घरें ऊसतोडीला निघतील, आणि आज येथें पुढें बसलेल्या मुलांपैकीं शाळेंत किती उरतील हें आम्हांस सांगतां येत नाहीं. आज बोलावयाचें तें त्याविषयींच. परंतु नुसता उपदेश कोणाच्या कानांत राहत नाहीं, म्हणून आधीं एका माणसाची हकीकत सांगतों.

सरकारी दप्तराप्रमाणें आज त्या माणसाचा जन्मदिवस आहे. नांव कोचेरिल रामन नारायणन. हे गृहस्थ चार देशांत भारताचे राजदूत झाले, केंद्र सरकारांत मंत्री झाले, आणि शेवटीं राष्ट्रपति झाले.

"सरकारी दप्तराप्रमाणें" असें आम्हीं मुद्दाम म्हटलें. आमच्या शाळेचें जुनें जनरल रजिस्टर उघडून पाहा. निम्मा गांव १ जूनला जन्मला आहे! पोर कधीं झालें म्हणून आईला विचारावें, तर ती म्हणे, "पोळ्याच्या आदल्या दिवशीं," नाहीं तर, "ओढ्याला पूर आला होता त्या सालीं." मास्तर १ जून लिहून मोकळे होत. नारायणन यांचेंही असेंच झालें. १९२७ सालच्या मे महिन्यांत त्यांचे एक चुलते-मामा त्यांस शाळेंत घेऊन गेले. त्यांस खरी तारीख ठाऊक नव्हती, म्हणून त्यांनीं अंदाजानें २७ ऑक्टोबर १९२० अशी सांगितली. खरी तारीख ४ फेब्रुवारी १९२१ होती असें पुढें दिसून आलें, पण नारायणन यांनीं कागदावरची तारीख तशीच राहूं दिली. तेव्हां हा माणूस आपल्यासारख्याच घरांतला, एवढें पहिल्यानें ध्यानांत घ्या.

त्यांचें गांव उळवूर. आज तें केरळांतल्या कोट्टयम जिल्ह्यांत आहे. तेव्हां तेथें त्रावणकोर संस्थानचा अंमल होता. जात परवन. नारळाच्या झाडावर चढून नारळ उतरविणें हें या जातीच्या वांट्याला आलेलें काम. वडील रामन वैद्य झाडपाल्याचीं औषधें देत. त्यांच्या हाताला गुण होता आणि गांवांत मानही होता, पण मानानें पोट भरत नाहीं. घरांत सात भावंडें, त्यांत हे चौथे. घर गवतानें शाकारलेलें.

त्या काळचें त्रावणकोर कसें होतें तें ऐका. देवळांत जाणें तर राहोच, कित्येक देवळांभोंवतालच्या रस्त्यांवरून चालण्याचीही खालच्या मानलेल्या जातींस बंदी होती. त्याच भागांतल्या वायकोम गांवीं रस्ता मोकळा व्हावा म्हणून १९२४-२५ सालीं सत्याग्रह करावा लागला. संस्थानचीं देवळें सर्व हिंदूंस उघडीं झालीं तीं १२ नोव्हेंबर १९३६ रोजीं. शाळेची गोष्ट याहून कठीण. नारायणन यांच्या जन्मापूर्वीं अय्यनकाळी नांवाच्या पुलय जातीच्या थोर पुढाऱ्यानें पंचमी नांवाच्या एका मुलीस हाताला धरून शाळेंत नेलें, तर ती शाळाच जाळण्यांत आली. मुलगी बाकावर बसली म्हणून शाळा जाळणारे लोक! त्यांस अक्षरांचा राग नव्हता. अक्षरें आपल्याच घरांत राहावीं एवढेंच त्यांचें म्हणणें. जोतीराव आणि सावित्रीबाई यांनीं पुण्यास १८४८ सालीं मुलींची शाळा काढली तेव्हां इकडच्या शहाण्यांनीं काय केलें हें तुम्हांस ठाऊक आहे. देश लांबचा असला तरी दुखणें एकच होतें.

अशा मुलखांत हा मुलगा भाताच्या खाचरांतून वाट तुडवीत रोज कित्येक मैल शाळेला जाई. फी थोडी होती, पण तीही वेळेवर देववत नसे. फी थकली कीं वर्गांत बसूं देत नसत. मग मुलगा बाहेर उभा राही आणि उभ्याउभ्याच आंतला धडा ऐके. पुस्तकें विकत घेण्यास पैसे नव्हते. येथें त्यांच्या थोरल्या भावाची गोष्ट येते, आणि आजच्या भाषणांत आम्हांस सर्वांत मोलाची वाटते ती हीच. भावाचें नांव नीलकंठन. त्यास दम्याचा विकार होता, म्हणून तो घरींच पडून असे. हा भाऊ दुसऱ्या मुलांचीं पुस्तकें मागून आणी, बसून सबंध उतरून काढी, आणि तीं हातानें लिहिलेलीं पुस्तकें धाकट्यास देई.

बाबांनो, यांत पैका लागला नाहीं. वशिला लागला नाहीं. घरांतल्या एका आजारी माणसानें धाकट्याचें शिक्षण हें आपलें काम मानलें, एवढेंच. राष्ट्रपतिभवनापर्यंत जी शिडी पोंचली तिची खालची पायरी ही.

पुढें कोट्टयमच्या सी. एम. एस. कॉलेजांत त्यांस संस्थानाकडून शिष्यवृत्ति मिळाली. १९४३ सालीं त्रावणकोर विद्यापीठांतून इंग्रजी वाङ्मय घेऊन ते पहिल्या वर्गांत आणि पहिल्या क्रमांकानें एम. ए. झाले. इंग्रजी काय आणि वाङ्मय काय, हें कांहीं खास जातींच्याच डोक्यांत शिरतें म्हणणारांची तोंडें त्या दिवशीं बंद व्हावयास पाहिजे होतीं.

नंतर ते वर्तमानपत्राच्या धंद्यांत शिरले. "हिंदू" आणि "टाइम्स ऑफ इंडिया" या पत्रांत १९४४-४५ सालीं त्यांनीं बातमीदारी केली. १० एप्रिल १९४५ रोजीं आपल्या मुंबईंत त्यांनीं महात्मा गांधींची मुलाखत घेतली. त्याच सालीं जे. आर. डी. टाटा यांनीं दिलेल्या शिष्यवृत्तीवर ते विलायतेस गेले आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स या विद्यालयांत राज्यशास्त्र शिकूं लागले. हें तेंच विद्यालय, जेथें आपले बाबासाहेब आंबेडकर १९२० पासून पुन्हां अभ्यासाला बसले आणि १९२३ सालीं ज्याची डी. एस्सी. पदवी त्यांनीं मिळविली.

नारायणन यांचे तेथले गुरु हॅरॉल्ड लास्की. १९४८ सालीं अभ्यास संपवून शिष्य घरीं निघाला तेव्हां लास्की यांनीं आपण होऊन पंडित नेहरूंच्या नांवें एक पत्र लिहून दिलें. पुढचा प्रसंग नारायणन स्वतः सांगत असत. दिल्लीस पार्लमेंटच्या इमारतींत त्यांस भेटीची वेळ मिळाली. लंडनच्या चार गोष्टी झाल्या. आतां उठावें असें पाहून त्यांनीं निरोप घेतला, आणि निघतां निघतां तें पत्र नेहरूंच्या हातीं दिलें. बाहेरच्या गोल ओसरीवरून ते अर्धी वाट चालून गेले, तों मागून टाळी ऐकूं आली. वळून पाहतात तों पंडितजी त्यांस परत बोलावीत आहेत! पत्र आधींच कां दिलें नाहीं म्हणून त्यांनीं विचारलें. जातांना दिलें तरी पुरे असें वाटलें, असें हे म्हणाले. १९४९ सालीं नारायणन परराष्ट्र खात्याच्या नोकरींत दाखल झाले.

आम्ही मास्तर लोकांनीं या गोष्टींतून दोन धडे घ्यावे. पहिला हा कीं, हुशार शिष्यासाठीं गुरूनें न मागतां लेखणी उचलावी. दुसरा हा कीं, खिशांत शिफारस असतांही माणसानें ती तोंडापुढें धरूं नये. आधीं स्वतः बोलावें, पत्र मागाहून द्यावें. आज तलाठ्याच्या कचेरींत जातांना आपण आधीं कोणाचें तरी नांव सांगतों आणि मग आपलें काम सांगतों.

आतां राजदूत म्हणजे काय तें समजून घेऊं. जुन्या मराठी राज्यांत त्यास दरबारचा वकील म्हणत. दोन भाऊबंदांचें बांधावरून भांडण होतें. डोकीं फुटतात, कोर्ट होतें, येणेंजाणें तुटतें, लग्नांत पत्रिकाही जात नाहीं. पण बांध दोघांचा असतो, पाट दोघांचा असतो. कधीं तरी कोणी समजूतदार माणूस मध्यें घालावाच लागतो. तो असा लागतो कीं, आपल्या घरची बाजू सोडणार नाहीं, पण दुसऱ्याचा अपमानही करणार नाहीं. अपमान गिळून शिकलेल्या माणसाला हें काम बरें साधत असावें, असें आम्हांस वाटतें.

नारायणन यांनीं रंगून, तोकियो, लंडन, कॅनबेरा, हनोई अशा ठिकाणीं वकिलातींत काम केलें. रंगूनला असतांना मा टिंट टिंट या ब्रह्मी बाईंशीं त्यांची ओळख झाली. परदेशी नागरिकाशीं लग्न करण्यास या नोकरींत सरकारची खास परवानगी लागे. ती नेहरूंनीं दिली, आणि ८ जून १९५१ रोजीं दिल्लींत विवाह झाला. बाईंनीं उषा हें नांव घेतलें. १९६७ ते १९६९ नारायणन थायलंडला राजदूत होते, १९७३ ते १९७५ तुर्कस्थानांत. आणि १९७६ सालीं त्यांच्यावर सर्वांत अवघड काम येऊन पडलें: चीन.

चीनचें आणि आपलें १९६२ सालीं युद्ध झालें. त्याच्या आधींच, १९६१ सालीं, आपला राजदूत परत आला होता. पंधरा वर्षें पेकिंगला आपला राजदूत नव्हता. खालच्या अंमलदारांवर काम चाले. इतक्या वर्षांनीं दार उघडावयाचें ठरलें, तेव्हां आंत पहिलें पाऊल टाकण्यासाठीं सरकारनें नारायणन यांस निवडलें. १९७८ पर्यंत ते तेथें होते. बांधाचा वाद मिटला नाहीं, तो पुढेंही राहिला. पण बोलणें सुरू झालें. १९७९ सालीं आपले परराष्ट्रमंत्री वाजपेयी चीनला जाऊन आले. भांडण मिटविणें एकट्या माणसाच्या हातीं नसतें. बोलण्याची वाट बुजूं न देणें असतें.

नोकरी संपल्यावर ते दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाचे कुलगुरु झाले. तेथून १९८० सालीं इंदिरा गांधींनीं त्यांस अमेरिकेंत राजदूत म्हणून पाठविलें; १९८४ पर्यंत ते वॉशिंग्टनला होते.

तेथून परतल्यावर ते राजकारणांत आले. केरळांतल्या ओट्टपालम या राखीव मतदारसंघांतून ते १९८४, १९८९ आणि १९९१ असे तीनदां लोकसभेवर निवडून गेले. राजीव गांधींच्या सरकारांत ते राज्यमंत्री होते: आधीं नियोजन, मग परराष्ट्र व्यवहार, आणि १९८६ ते १९८९ विज्ञान व तंत्रज्ञान. या काळांतली एक गोष्ट तुमच्या घरापर्यंत येते. १९७० सालच्या आपल्या पेटंट कायद्यानें औषध या वस्तूवर कोणाची मालकी मानली नव्हती. तें बनविण्याच्या रीतीपुरतीच मालकी होती. म्हणून आपले कारखाने दुसऱ्या रीतीनें तेंच औषध करूं शकत आणि गरिबाला तें स्वस्त मिळे. हा कायदा आवळा म्हणून परदेशांतून मोठा जोर होत होता. नारायणन त्या जोराच्या विरुद्ध उभे राहिले. वैद्याच्या घरांतल्या मुलास, औषध परवडत नाहीं म्हणजे काय, हें पुस्तकांतून शिकावें लागलें नसेल. पुढें २००५ सालीं कायदा बदललाच. पण मध्यें जीं वर्षें मिळालीं त्यांत आपले औषधांचे कारखाने उभे राहिले.

१९९१ सालीं त्यांच्या पक्षाचें सरकार पुन्हां आलें, तरी त्यांस मंत्रिपद मिळालें नाहीं. त्यांनीं गवगवा केला नाहीं. पुढच्याच वर्षीं ते उपराष्ट्रपति झाले, आणि २५ जुलै १९९७ रोजीं राष्ट्रपति. त्या जागेवर बसलेले ते पहिले दलित.

येथपर्यंत ऐकून कोणी म्हणेल, "बरें झालें, आपला एक माणूस वर गेला." आम्ही तेवढ्यावर थांबत नाहीं. वर जाऊन त्यानें काय केलें, हा खरा प्रश्न. पुष्कळांस खुर्ची मिळते, आणि खुर्ची मिळाली कीं मान खालीं वळत नाहीं.

राष्ट्रपति म्हणजे सह्या करणारा शिक्का, असें लोक म्हणत. नारायणन यांनीं आपण कामकरी राष्ट्रपति आहों असें सांगितलें, आणि तसे ते वागले. १९९७ सालीं गुजराल सरकारनें उत्तर प्रदेशचें सरकार काढून तेथें राष्ट्रपति राजवट लावण्याचा कागद पाठविला. यांनीं तो वाचला, आणि फेरविचार करा म्हणून परत पाठविला. सरकारनें तो सोडून दिला. १९९८ सालीं वाजपेयी सरकारनें बिहारविषयीं तसाच कागद पाठविला; तोही परत गेला. सरकारें दोन, पक्ष निरनिराळे, पण न्याय एकच लावला. १९९८ च्या निवडणुकींत त्यांनीं राष्ट्रपति असतांना सामान्य माणसाप्रमाणें रांगेंत उभें राहून मत दिलें. त्यांच्या आधीं त्या जागेवरच्या कोणीं असें केलें नव्हतें. सर्वोच्च न्यायालयाच्या नेमणुकांच्या कागदावर त्यांनीं शेरा लिहिला कीं, दलित, आदिवासी आणि स्त्रिया यांच्यांतील लायक माणसांचाही योग्य विचार व्हावा. त्यांच्याच कारकीर्दींत, २००० सालीं, के. जी. बालकृष्णन सर्वोच्च न्यायालयांत आले आणि २००७ सालीं ते देशाचे पहिले दलित सरन्यायाधीश झाले.

आणि एक मौजेची गोष्ट. २००० सालीं अमेरिकेचे अध्यक्ष क्लिंटन दिल्लीस आले. त्यांच्या मेजवानींत नारायणन यांनीं एका आफ्रिकी मुत्सद्द्याच्या बोलण्याचा दाखला देऊन सांगितलें कीं, जग एक गांव झालें म्हणजे त्याचा कारभार एकच पाटील करील असें नव्हे. पाहुण्याला जेवावयास बसवून, आवाज न चढवितां, खरें तें सांगितलें. राजदूताचें सारें शिक्षण त्या एका वाक्यांत दिसतें. ९ नोव्हेंबर २००५ रोजीं दिल्लींत त्यांचा अंत झाला.

आतां आपल्याकडे वळतों. एका पोराच्या तोंडांत घांस गेला म्हणून साऱ्या घराचें पोट भरत नाहीं. एक नारायणन वर गेले, पण त्यांच्या वेळीं वर्गाबाहेर उभीं असलेलीं आणखी किती मुलें तेथूनच परत गेलीं? त्यांचीं चरित्रें कोणी लिहिलीं नाहींत. त्यांच्या घरीं पुस्तक उतरून देणारा भाऊ नव्हता, कीं पत्र लिहिणारा गुरु नव्हता.

आमचा एक दोष आज सर्वांदेखत कबूल करतों. ट्रेनिंग कॉलेजांतून निघून आम्ही नव्यानेंच मास्तर झालों होतों. तेव्हां दुसऱ्या एका गांवीं आमच्या वर्गांत सहावींत एक मुलगी होती. आईबापांबरोबर ती ऊसतोडीला गेली. खोपींत धाकटा भाऊ सांभाळीत, मुकादमाच्या जुन्या डायरीच्या मागल्या कोऱ्या पानांवर तिनें आठवतील तेवढीं गणितें केलीं. चैत्रांत ती परत आली आणि ती डायरी घेऊन शाळेच्या दाराशीं उभी राहिली. आम्हीं पट पाहिला. सतत गैरहजर म्हणून तिचें नांव आम्हींच काढलें होतें. "आतां जूनमध्यें ये," असें आम्हीं सांगितलें. जूनमध्यें ती आली नाहीं. पुढल्या हंगामांत तिच्या हातीं कोयता होता. दाराबाहेर उभ्या राहिलेल्या पोराची गोष्ट आम्ही आज तुम्हांस रंगवून सांगतों, पण एकदां दार लावणारे आम्हीच होतों.

म्हणून तुमच्यापाशीं तीन मागण्या आहेत. पहिली, ज्यांच्या घरीं आजा-आजी, चुलता-चुलती गांवांत राहणार आहेत त्यांनीं मुलें मागें ठेवावीं. हंगामी वसतिगृहाची योजना सरकारनें यासाठींच काढली आहे; मुलांच्या जेवणाची सोय तेथें होते. मुलीसही ठेवा. धाकटें पोर सांभाळावयास कोण, हा तुमचा प्रश्न आम्हांस समजतो. पण तिच्या वांट्याला तोच प्रश्न जन्मभर देऊं नका. दुसरी, ज्यांस मुलें नेण्यावांचून गत्यंतर नाहीं, त्यांनीं शाळेंतून शिक्षण हमी कार्ड घेऊन जावें आणि कारखान्याच्या भागांतल्या शाळेंत तें दाखवावें. तिसरी मागणी मोठ्या मुलांकडे आहे. तुम्ही गांवांत राहाल त्यांनीं एकेका जाणाऱ्या सोबत्याचा अभ्यास वहींत उतरून ठेवावा. दर पंधरवड्याला गांवाकडून कोणी ना कोणी तोडीवर जातोच. त्याच्या हातीं वहीचीं पानें पाठवूं. वह्या आम्ही देऊं.

आमच्याकडून एवढें वचन: कोणाचेंही नांव पटावरून निघणार नाहीं. पोर माघांत येवो कीं चैत्रांत येवो, दार उघडें असेल आणि त्याची जागा रिकामी ठेवलेली असेल.

ज्यांस मुलें मागें ठेवावयाचीं आहेत त्यांनीं येत्या रविवारपर्यंत नांवें द्यावीं. रात्रीं आठपर्यंत आम्ही शाळेंतच असूं. इतकें सांगून आमचें बोलणें पुरें करतों.